धक्का स्टार्ट अंतराळयान!

शुक्रवारची रात्र. हातात रिमोट, समोर पिझ्झा, आणि टीव्हीवर नवीन काय आलंय म्हणून बघावं तर सगळं जुनंच! स्टार ट्रेक? १९६६चं. डॉक्टर हू? त्याहून तीन वर्षांनी म्हातारं. बॅटलस्टार गॅलॅक्टिका? तेही १९७८चं. टीव्हीवाल्यांच्या डोक्यातल्या आयडिया संपल्यात, असं म्हणून आपण मोकळे होतो आणि पुढचा स्लाइस उचलतो.

पण जरा खोलात शिरलं की वेगळीच भानगड दिसते. यातली बरीचशी यानं मालकांनी केव्हाच भंगारात काढली होती. रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या गाडीला चार जण मिळून धक्का मारतात ना, तसा धक्का त्यांना पब्लिकने मारला. नोकऱ्या सांभाळून, खिशातले पैसे घालून, वीकेंडची झोप मोडून. आणि इंजिन सुरू झाल्यावर काही वेळा असंही झालं, की मालक धावत आला, गाडीत बसला आणि धक्का मारणाऱ्यांना म्हणाला, थँक यू, आता बाजूला व्हा.

दहा जणांना सांगा

सुरुवात अर्थातच स्टार ट्रेकपासून. एनबीसी या अमेरिकन चॅनलवर १९६६मध्ये ही मालिका सुरू झाली. रेटिंग यथातथाच. दुसऱ्या वर्षातच बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा बीजो आणि जॉन ट्रिम्बल या नवरा-बायकोने पत्रमोहीम उघडली. फंडा सोपा : तुम्ही एक पत्र लिहा, दहा जणांना लिहायला सांगा, त्या दहांनी आणखी दहांना. ई-मेल नाही, फॉरवर्ड नाही, मिस्ड कॉल नाही. पेन, पाकीट, तिकीट! एनबीसीच्या ऑफिसात पत्रांचे इतके ढीग लागले, की १ मार्च १९६८ला चॅनलने चक्क एपिसोड संपल्यावर जाहीर केलं : बाबांनो, मालिका पुढच्या सीझनला येतेय.

आली खरी, पण शुक्रवारी रात्री दहा वाजता. ज्या तरुण मंडळींसाठी ती होती, ती त्या वेळेला घरी असतील कशाला? १९६९मध्ये ७९ एपिसोडवर पडदा पडला. मात्र ७९ एपिसोड म्हणजे लोकल स्टेशनांना रोज संध्याकाळी पुन्हा पुन्हा दाखवण्यासाठी पुरेसा स्टॉक. रिपीटमध्ये मालिका अशी काही चालली, की पहिल्यांदा चालली नव्हती तेवढी. नासाच्या पहिल्या स्पेस शटलला १९७६मध्ये 'एंटरप्राइझ' हे नाव मिळालं, तेही व्हाइट हाऊसवर पडलेल्या पत्रांच्या पावसामुळेच. (ते शटल कधी अंतराळात गेलंच नाही, ते फक्त चाचणीसाठी होतं, हा त्यातला थोडा दुःखद भाग.)

मग पॅरामाउंटने १९७७मध्ये नव्या मालिकेची तयारी केली. नाव होतं 'स्टार ट्रेक : फेज टू'. स्क्रिप्ट लिहून झाल्या, सेट उभे राहू लागले, कलाकार ठरले. आणि इथे कॉलर ताठ करायला हरकत नाही, कारण त्यातल्या एका महत्त्वाच्या भूमिकेसाठी निवड झाली होती आपल्या मुंबईच्या पर्सिस खंबाटाची! १९६५ची मिस इंडिया. भूमिका परग्रहावरच्या लेफ्टनंट आयलियाची, आणि या ग्रहावरच्या बायकांना डोक्यावर केस नसतात. एका मॉडेलला डोकं सफाचट करायला सांगणं म्हणजे काय, याचा विचार करा. तिने केलं. पण मालिका बारगळली. पॅरामाउंटचं स्वतःचं चॅनल काढायचं स्वप्न फसलं होतं, आणि त्याच वर्षी 'स्टार वॉर्स'ने थिएटरांत धुमाकूळ घातला होता. मालिकेचा झाला सिनेमा, १९७९चा 'स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर'. पर्सिस त्यात आहे, टकलासकट, आणि जाम ग्रेसफुल दिसते. १९९८मध्ये ती मुंबईतच गेली.

'फेज टू'च्या स्क्रिप्ट मात्र पडून राहिल्या. ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बारमाही किल्ला

दिवाळीत अंगणात किल्ला करणारी पोरं आठवा. दगड, माती, गोणपाट, वर पेरलेले अळीव, आणि बुरुज बरोबर आला नाही म्हणून रात्री बारापर्यंत चाललेली भांडणं. जेम्स कॉली या माणसाचं वेड त्याच जातीचं, फक्त त्याचा किल्ला बारा महिने उभा.

पेशाने कॉली एल्विस प्रेस्लीची नक्कल करणारा कलाकार. तरुणपणी त्याने स्टार ट्रेकचे मूळ कॉस्च्युम डिझायनर विल्यम वेअर थीस यांच्या हाताखाली काम केलं होतं, आणि थीस यांच्याकडून त्याला मूळ सेटच्या नकाशांच्या प्रती मिळाल्या. बस, ठिणगी पडली. कॅप्टनची खुर्ची, ब्रिज, ट्रान्सपोर्टर रूम, गोल वळणाचे कॉरिडॉर, सगळं मापात माप ठेवून त्याने पुन्हा उभारलं. २००४च्या जानेवारीत 'स्टार ट्रेक : न्यू व्हॉयेजेस'चा पहिला एपिसोड इंटरनेटवर आला, फुकट. लक्षात घ्या, यूट्यूबचा जन्म व्हायला तेव्हा अजून एक वर्ष होतं. आख्खा एपिसोड डाउनलोड करायला रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवायचा, मधेच लाइन कट झाली की पुन्हा पहिल्यापासून!

पहिला एपिसोड बघवत नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. अभिनय म्हणजे गॅदरिंग. पण मग गंमत झाली. मूळ मालिकेतली माणसंच एकेक करून या हौशी मंडळींकडे यायला लागली. चेकॉव्हची भूमिका करणारे वॉल्टर कोनिग २००६च्या एपिसोडमध्ये आले, आणि त्याची स्क्रिप्ट लिहिली मूळ मालिकेच्या नामांकित लेखिका डी. सी. फोंटाना यांनी. २००७मध्ये सुलू म्हणजे जॉर्ज टाकेई आले. त्यांच्या 'वर्ल्ड इनफ अँड टाइम' या एपिसोडला तर सायन्स फिक्शनच्या दुनियेत ज्याला ऑस्करचा मान आहे, त्या ह्युगो पुरस्काराचं नॉमिनेशन मिळालं. हौशी प्रॉडक्शन, आणि ह्युगोच्या यादीत!

ही दिग्गज माणसं आली का? पैशासाठी तर नक्कीच नाही. माझा अंदाज असा, की मूळ मालिकेत सुलू आणि चेकॉव्ह यांच्या वाट्याला बहुतेक वेळा एखाद-दुसरं वाक्य यायचं, बाकी सगळा वेळ कॅप्टन कर्क. चाळीस वर्षांनी कोणीतरी येऊन म्हणतं, सर, या एपिसोडचे हीरो तुम्ही. कोण नाही म्हणेल? डेव्हिड जेरॉल्ड या लेखकाचं तर त्याहून मोठं दुखणं होतं. 'नेक्स्ट जनरेशन' ही नवी मालिका १९८७मध्ये सुरू झाली, तेव्हा त्यांनी एड्सच्या साथीवर रूपक म्हणून 'ब्लड अँड फायर' ही स्क्रिप्ट लिहिली होती. त्यात एक गे जोडपंही होतं. ती कधी शूटच झाली नाही. वीसेक वर्षांनी ती कॉलीच्या ग्रुपने केली, आणि दिग्दर्शन खुद्द जेरॉल्ड यांचं. मधल्या काळात या ग्रुपने आपलं नावही बदलून 'फेज टू' ठेवलं होतं, आणि त्या पडून राहिलेल्या १९७७च्या स्क्रिप्टपैकी 'किटुम्बा'सुद्धा त्यांनी करून दाखवली. स्टुडिओच्या कपाटात राहिलेलं काम एका छोट्या गावातल्या हौशी लोकांनी पूर्ण केलं. मला हा सगळ्या कहाणीतला सर्वांत भारी भाग वाटतो.

अपोलोचा ट्रेलर

आता गॅलॅक्टिका. १९७८मध्ये एबीसी चॅनलवर धूमधडाक्यात आली, एका सीझनमध्ये गुंडाळली गेली. त्यात कॅप्टन अपोलो होता रिचर्ड हॅच. देखणा, पोस्टर बॉय. मालिका संपली, पण त्याच्या डोक्यातून गेली नाही. गॅलॅक्टिकावर त्याने कादंबऱ्या लिहिल्या. आणि १९९९मध्ये स्वतःच्या खिशातले पैसे घालून 'द सेकंड कमिंग' नावाचा एक ट्रेलर बनवला. सिनेमा नाही, नुसता ट्रेलर! जुने सहकलाकार जमवले, ग्राफिक्स करणारे मित्र जमवले, आणि गावोगावच्या साय-फाय मेळाव्यांत तो दाखवत फिरला. लोक उभं राहून टाळ्या वाजवायचे. युनिव्हर्सल स्टुडिओ ढिम्म.

मग स्टुडिओला जाग आली, पण हॅचला वगळून. २००३च्या डिसेंबरमध्ये रोनाल्ड मूर यांची नवी गॅलॅक्टिका आली आणि त्यांनी सगळंच उलटंपालटं केलं. यंत्रमानव आता हुबेहूब माणसासारखे दिसू लागले, त्यामुळे शेजारी बसलेला कोण आहे याचा भरवसा उरला नाही. सिगार ओढणारा छैलछबिला वैमानिक स्टारबक चक्क बाई झाला, म्हणजे केटी सॅकहॉफ. जुना स्टारबक डर्क बेनेडिक्ट याने चिडून लांबलचक निषेधाचा लेख लिहिला. फॅन्सनी मूर यांना शिव्यांची लाखोली वाहिली.

रोनाल्ड मूर हे स्वतःच मूळचे फॅन. 'नेक्स्ट जनरेशन'च्या सेटची टूर करायला गेलेला हा मुलगा जाताना खिशात स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट घेऊन गेला होता. ती स्वीकारली गेली आणि करिअर सुरू झालं. म्हणजे भांडण फॅन विरुद्ध कंपनी असं नव्हतंच, ते फॅन विरुद्ध फॅन होतं. एकाला जुनी गोष्ट होती तशी पुढे न्यायची होती, दुसऱ्याला ती मोडून पुन्हा जुळवायची होती. ११ सप्टेंबरनंतरच्या अमेरिकेत दहशतवाद, छळ, लष्करी राजवट या सगळ्यावर बोलणारी मालिका मूर यांनी केली. पीबॉडी पुरस्कार मिळाला, आणि २००९च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात तिच्यावर चर्चासत्रही झालं. टीव्ही सीरियलवर, संयुक्त राष्ट्रांत!

आणि हॅच? इतकी वर्षं ज्यासाठी धडपडला, ते दुसऱ्याच्या हातून झालं. तो नाराज होता, उघडपणे होता. मूर यांनी त्याला नव्या मालिकेत भूमिका देऊ केली : टॉम झारेक, वीस वर्षं तुरुंगात काढलेला बंडखोर पुढारी. म्हटलं तर खलनायक. हॅचने ती घेतली आणि अशी वठवली, की नव्या पिढीला तो अपोलो म्हणून नाही, झारेक म्हणूनच माहीत आहे. आपलं घर दुसऱ्याने विकत घेऊन पाडलं आणि नव्या बिल्डिंगमध्ये आपल्याला भाड्याची खोली दिली, असा प्रकार. हॅच त्या खोलीत आनंदाने राहिला. मला नसतं जमलं.

टीव्हीसमोर माइक

इंग्लंडची तऱ्हाच न्यारी. डॉक्टर हूचा पहिला एपिसोड २३ नोव्हेंबर १९६३चा, आणि तो दिग्दर्शित केला होता लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन या तरुणाने. (आणखी एकदा कॉलर ताठ.) पण बीबीसीला टेप महाग, कपाटं छोटी, आणि रिपीट दाखवायची फारशी सोय नाही, म्हणून साठच्या दशकातले एपिसोड सरळ पुसून टाकले गेले. नव्वदहून जास्त एपिसोड असे गायब झाले.

पण त्यांचा आवाज शिल्लक आहे, एकूण एक एपिसोडचा! कारण? देशभरातली काही पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून बसली होती. आईला गप्प राहायला सांगून. याच घरगुती टेपच्या आवाजावर बीबीसीने नंतर अॅनिमेशन करून हरवलेले एपिसोड परत आणले, उदाहरणार्थ २०१६मध्ये 'द पॉवर ऑफ द डालेक्स'. सरकारी महामंडळाने पुसलं, शाळकरी पोरांनी जपलं.

१९८९मध्ये मालिका थांबली. १९९६च्या एका टीव्ही सिनेमाचा अपवाद सोडला तर थेट २००५पर्यंत सामसूम. या सोळा वर्षांत फॅन मंडळींना एक मजेशीर पळवाट सापडली. डॉक्टर हे पात्र बीबीसीच्या मालकीचं, पण मालिकेतले अनेक राक्षस आणि इतर पात्रं ज्या लेखकांनी निर्माण केली, त्यांचे हक्क लेखकांकडेच राहिले होते. मग काय! लेखकाला गाठा, रीतसर परवानगी घ्या आणि डॉक्टरशिवाय डॉक्टर हू काढा. १९९५चा 'डाउनटाइम' असाच व्हिडिओवर निघाला. त्यात ब्रिगेडियरची मुलगी म्हणून केट हे नवं पात्र होतं. २०१२मध्ये खुद्द बीबीसीने तिला अधिकृत मालिकेत आणलं, जेमा रेडग्रेव्हच्या रूपात, आणि केट तिथे चांगलीच रुळली. चाहत्यांच्या अंगणात जन्मलेली मुलगी, वाड्यात सून होऊन गेली.

२६ मार्च २००५ला डॉक्टर परतला तेव्हा इंग्लंडात एक कोटीहून जास्त लोकांनी तो पाहिला. परत आणणारे रसेल टी डेव्हिस लहानपणापासूनचे फॅन. पुढे डॉक्टर झालेला डेव्हिड टेनंट फॅन. पीटर कपाल्डीने तर शाळकरी वयात 'रेडिओ टाइम्स'ला डॉक्टर हूवर पत्र लिहिलेलं छापूनही आलं होतं. आणि २००५पासून डालेक यंत्रांना आवाज देणारे निकोलस ब्रिग्ज ऐंशीच्या दशकात मित्रांबरोबर कॅसेटवर हौशी डॉक्टर हू नाटकं करत होते. तिथे फॅन लोकांनी आंदोलन वगैरे केलं नाही. ते मोठे झाले, नोकरीला लागले आणि हळूच सगळ्या खुर्च्यांवर जाऊन बसले!

दहा लाख डॉलरचा घोळ

आणि आता कोर्टकचेरी. २०१४मध्ये अॅलेक पीटर्स यांनी 'प्रील्यूड टू अॅक्सनार' ही २१ मिनिटांची फिल्म केली. स्टार ट्रेकच्या जगातलं एक जुनं युद्ध, डॉक्युमेंटरीच्या स्टाइलमध्ये. कलाकार प्रोफेशनल, ग्राफिक्स थिएटरच्या तोडीचं. क्लिंगॉन सेनापती कोण होता सांगा? रिचर्ड हॅच! हा माणूस जिथे कुठे धक्का स्टार्टचा कार्यक्रम असेल तिथे हजर.

आता पूर्ण लांबीचा सिनेमा करायचा म्हणून लोकांकडे पैसे मागितले, आणि इंटरनेटवरून एकूण दहा लाख डॉलरच्या वर वर्गणी जमली. गणपतीची वर्गणी घराघरांतून पन्नास-शंभर रुपयांनी जमते तोवर कोणी विचारत नाही. मंडळाकडे कोटी जमले की मात्र सगळ्यांचे कान टवकारतात. २०१५च्या डिसेंबरअखेर सीबीएस आणि पॅरामाउंटने केस ठोकली. दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. पीटर्स म्हणत, आम्ही विकत काही नाही, उलट तुमचीच जाहिरात करतोय. कंपन्या म्हणत, आमच्या मालाच्या जिवावर स्टुडिओ उभारताय, याला हौस म्हणायचं की धंदा?

मध्येच एक अफलातून प्रकार झाला. तुमची क्लिंगॉन भाषाही आमच्या मालकीची, असा कंपन्यांचा दावा. त्यावर कृत्रिम भाषा बनवणाऱ्यांची संघटना कोर्टात उभी राहिली आणि भाषेवर कोणाची मालकी नसते, असं सांगणारं निवेदन तिने दिलं. काही वाक्यं चक्क क्लिंगॉनमध्ये! २०१६च्या मे महिन्यात दिग्दर्शक जे. जे. अॅब्रम्स यांनी फॅन्सच्या कार्यक्रमात केस मिटतेय असं जाहीरही केलं. मिटली नाही. जानेवारी २०१७च्या सुरुवातीला जज म्हणाले, 'फेअर यूज'चा बचाव इथे चालणार नाही. त्याच महिन्यात तडजोड झाली : सिनेमा नाही, पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन भाग करा.

केस चालू असतानाच, जून २०१६मध्ये कंपन्यांनी सगळ्या फॅन फिल्म्ससाठी नियमावली काढली होती. एक गोष्ट पंधरा मिनिटांत संपवा, फार तर दोन भाग. सीझन, मालिका असलं काही नाही. वर्गणी पन्नास हजार डॉलरच्या आत. कोणालाही मानधन नाही. आणि सर्वांत जिव्हारी लागणारं कलम : ज्याने कधीही अधिकृत स्टार ट्रेकमध्ये काम केलंय, तो नको. म्हणजे टाकेई नको, कोनिग नको, फोंटाना नको.

परवानगीचं तत्त्व मला मान्य आहे. आपल्याकडे हौशी ग्रुपने एखादं गाजलेलं नाटक बसवायचं ठरवलं, तर लेखकाची परवानगी घेतात, मानधनाचं पाकीट देतात, आणि मग तीन अंक व्यवस्थित करतात. पण इथे लेखकाच्या जागी कंपनी, आणि कंपनी म्हणते, पहिल्या अंकातला पहिला प्रवेश तेवढा करा. यात 'स्टार ट्रेक कंटिन्यूज' ही गुणी मंडळी भरडली गेली. ती पन्नासेक मिनिटांचे एपिसोड करत होती, स्कॉटीची भूमिका मूळ स्कॉटी जेम्स डूहान यांचा मुलगा ख्रिस करत होता. तेरा एपिसोड करायचे होते, २०१७मध्ये अकरावर थांबावं लागलं. दहा लाखांचा घोळ एकाने घातला, बिल सगळ्यांना आलं.

योगायोग बघा. त्याच २०१७मध्ये कंपनीची स्वतःची 'डिस्कव्हरी' आली आणि बारा वर्षांनी स्टार ट्रेक टीव्हीवर परतलं. मागोमाग 'पिकार्ड', 'लोअर डेक्स', २०२२मध्ये 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'. यातलं शेवटचं पाहिलंत तर लक्षात येईल : दर एपिसोडला वेगळी गोष्ट, जुनंच यान, जुनाच जोश. कॉली आणि कंपनी २००४पासून जे ओरडून सांगत होती, तेच!

गॅलॅक्टिकाची पुढची नवी आवृत्ती पीकॉकने २०१९मध्ये जाहीर केली आणि २०२४मध्ये गुंडाळली. डिस्नेने २०२५मध्ये डॉक्टर हूची भागीदारी सोडली. हॅच २०१७च्या फेब्रुवारीत गेला, अॅक्सनारची तडजोड झाल्यावर काहीच दिवसांनी. कॉलीचा सेट मात्र उभा आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या टायकॉन्डेरोगा या छोट्या गावात २०१६पासून कंपनीच्या रीतसर परवानगीने तिथे टूर चालते. खरे कॅप्टन कर्क विल्यम शॅटनरही तिथे येऊन लोकांना भेटले आहेत.

या वीकेंडला काय बघाल? सुरुवात 'प्रील्यूड टू अॅक्सनार'ने करा. २१ मिनिटं, दादर ते बोरिवली फास्ट लोकलमध्ये संपते. मग टाकेईंचा 'वर्ल्ड इनफ अँड टाइम' शोधा. सेटच्या भिंती मधूनच हलल्यासारख्या वाटल्या तर दुर्लक्ष करा, टाकेईंच्या चेहऱ्याकडे बघा. रविवारी वेळ उरला तर २००३ची गॅलॅक्टिका लावा, पण जपून. सोमवारी सकाळी साडेनऊची मीटिंग असेल, तर दुसरा एपिसोड सुरू करू नका.